टनेलचे संरक्षण : दोषशोध व पर्यायी मार्ग यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकीय जाळ्यात माहितीची वाहतूक ज्या पूर्वनियोजित मार्गाने नेली जाते, त्यास ‘टनेल’ म्हणतात. मार्ग खंडित झाला तरी वाहतूक चालू राहावी, यासाठी दोष तत्काळ ओळखणे आणि पर्यायी मार्ग सिद्ध ठेवणे या दोन बाबी आवश्यक ठरतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या विकासक्रमाचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकेतील रँड संस्थेचे पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये विकेंद्रित जाळ्याची कल्पना मांडली. काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्या मार्गांनी संदेश पोहोचावा, हे तिचे सूत्र होते. पुढे इंटरनेटमध्ये हे सूत्र रुजले. परंतु त्याची गती मंद होती. ओएसपीएफ पद्धतीत शेजारी राउटर सामान्यतः दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ संदेश पाठवितात आणि ४० सेकंद संदेश न आल्यास दुवा तुटल्याचे मानतात. दूरध्वनी संभाषणास हा विलंब परवडणारा नव्हता. दूरध्वनी क्षेत्रातील सोनेट व एसडीएच वलयांत दोष आढळल्यावर ५० मिलिसेकंदांत वाहतूक वळविली जात असे. हाच पुढे इंटरनेटसाठीही मापदंड ठरला.

विवेचन :
आयईटीएफ या संस्थेने जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएसची रचना प्रसिद्ध केली व मे २००५ मध्ये ‘फास्ट रीरूट’ प्रमाणित केले. त्यानुसार दोषाच्या अलीकडील राउटर वाहतूक आधीच आखलेल्या वळणमार्गावर स्वतःच टाकतो. हा मार्ग प्रत्येक टनेलसाठी स्वतंत्र किंवा अनेक टनेलांसाठी सामायिक असू शकतो.

तथापि दोष कळल्याखेरीज वळणमार्ग निरुपयोगी असतो. मधे स्विच असल्यास पलीकडील तार तुटूनही अलीकडे प्रकाश येतच राहतो. ही उणीव भरून काढणारी बीएफडी पद्धती जून २०१० मध्ये प्रमाणित झाली. दर ५० मिलिसेकंदांनी संदेश अपेक्षित असून सलग ३ संदेश चुकले, तर सुमारे १५० मिलिसेकंदांत दोष जाहीर होतो. कालावधी फार कमी ठेवल्यास मात्र क्षणिक अडथळाही दोष समजला जातो.

दुसरी मर्यादा ३० जानेवारी २००८ रोजी प्रकट झाली. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ व फ्लॅग या, मुंबईशी जोडलेल्या, दोन्ही सागरी केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. नकाशावर स्वतंत्र असलेले मार्ग एकाच सागरी पट्ट्यातून जात होते. वस्तुतः ‘सामायिक जोखीम गट’ नोंदविण्याची सोय २००५ मध्येच प्रमाणित झाली होती. परंतु केबल प्रत्यक्ष कोठून जाते हे यंत्र स्वतः जाणत नाही, ते माणसालाच नोंदवावे लागते.

निष्कर्ष :
संरक्षणाचा हा इतिहास केवळ वेगाचा नाही. दोषशोधाचा कालावधी विवेकाने ठरविणे आणि पर्यायी मार्गाची भौगोलिक स्वतंत्रता पडताळणे, या दोन मानवी निर्णयांवरच तंत्राचे यश अवलंबून राहिले आहे.