गायक आणि त्याला घडविणारा : जपानी पुरुषप्रेमकथेतील एक आशयसूत्र

१९७५ साली जपानमध्ये टी. बी. एस. या दूरचित्रवाणी वाहिनीवरून ‘आकुमा नो योना आइत्सु’ ही मालिका प्रसारित झाली. १० डिसेंबर १९६८ रोजी टोकियोत पडलेला ३० कोटी येनचा दरोडा कधीच उकलला नाही. त्याच्या तपासाची कायदेशीर मुदत त्याच वर्षाअखेर संपत होती. मालिकेने आपला गुन्हेगार कल्पिला तो एक गायक म्हणून, आणि भूमिका दिली ती सावादा केंजी या प्रत्यक्षातल्या लोकप्रिय गायकाला. १९७१ मध्ये विसर्जित झालेल्या ‘द टायगर्स’ या वाद्यवृंदाचा हा मुख्य गायक तोवर एकट्याने गाऊ लागला होता. रंगभूषा करणारा, पुरुष असूनही पाहिला जाण्यासाठीच मंचावर उभा राहणारा असा तो कलावंत होता. मालिकेतील नायकाचे नाव र्‍यो. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या व्यक्तींत एक पुरुषही आहे, हे मालिका उघडपणे बोलत नाही आणि लपवीतही नाही.

ही मालिका पाहणाऱ्यांत विशीतील एक तरुणी होती. पुढे कुरिमोतो काओरू या नावाने तिने लिहिलेली ‘मायोनाका नो तेन्शी’ ही कादंबरी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील तरुण गायकाचे नावही र्‍यो आहे. पुरुषांमधील प्रेमाची स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेली कथा हा वाङ्मयप्रकार आज जगभर पसरला आहे. त्याच्या इतिहासात ही कादंबरी अधूनमधून नोंदली जाते, परंतु ती घडते कोठे याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते लोकप्रिय संगीताचे विश्व ही या कादंबरीची केवळ पार्श्वभूमी नव्हे. तिची नैतिक अडचण त्या विश्वातूनच निर्माण होते.

या लेखनाला पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. मोरी ओगाई यांची कन्या मोरी मारी हिने १९६१ मध्येच ‘कोइबितोताची नो मोरी’ लिहिली होती. १९७४ मध्ये हागिओ मोतो यांची ‘तोमा नो शिन्झो’ आणि १९७६ पासून ताकेमिया केइको यांची ‘काझे तो की नो उता’ या चित्रकादंबऱ्या मुलींच्या नियतकालिकांतून क्रमशः आल्या. मात्र या साऱ्या कृतींचे स्थळ दूरचे, युरोपीय किंवा युरोपचा भास देणारे आहे. वसतिगृह, उद्यानगृह, गतकाळ अशा बंदिस्त अवकाशात वाचिकेला आपले आजचे जग विसरण्याची मुभा मिळते. त्याच सुमारास आओइके यासुको यांनी ‘एरोइका’ मालिकेतील आपल्या चोर-नायकाला ‘लेड झेपलिन’च्या रॉबर्ट प्लांटचे रूप दिले, पण तेथेही गायकाचा चेहरा तेवढा उसना घेतला आहे, त्याचा व्यवसाय नाही.

कुरिमोतोने व्यवसायच उचलला. तिची कथा टोकियोत, चित्रीकरणगृहे, करार आणि विक्रीचे आकडे यांच्यामध्ये घडते. र्‍योला घडविणारा ताकी हा व्यवस्थापक त्याला यशस्वी करण्यासाठी कोणतीही किंमत मोजावयास तयार आहे. ही किंमत बहुतेक वेळा र्‍योच्या देहाने चुकवली जाते, आणि तरीही (किंवा त्यामुळेच) ताकी त्याच्या प्रेमात पडतो. प्रेमकथेच्या रूढ संकेतव्यूहात अडथळा बाहेर असतो : कुटुंब, जात, युद्ध. येथे अडथळा आणि प्रेमी एकच आहेत.

येथे स्त्रीवादी समीक्षेला परिचित असलेला एक प्रश्न उपस्थित होतो. ‘पाहिले जाणे’, किंमत ठरणे, कोणाच्या तरी मर्जीवर टिकून राहणे हे अनुभव परंपरेने स्त्रीच्या वाट्याला येतात. मग लेखिकेने ते पुरुषाच्या वाट्याला का द्यावेत? एक उत्तर असे की, हाच भोग नायिकेच्या ठिकाणी आला असता तर तो ‘स्वाभाविक’ म्हणून वाचला गेला असता. गायक हा पुरुष असूनही व्यवसायतः दृश्य असतो. म्हणून त्याच्या ठिकाणी तो भोग अस्वाभाविक, आणि त्यामुळे दृश्यमान होतो. हे उत्तर मला बरेचसे पटते. पण एवढ्याने कादंबरीची सुटका होत नाही. तिची भाषा त्या यातनेवर रेंगाळते, तिच्यात सुख शोधते. अनावरण आणि आस्वाद यांच्यातली रेषा लेखिकेने आखलेली नाही, आणि ती आखता येत होती असेही मला वाटत नाही.

लेखिकेला हे उमगले नव्हते असे मानणे कठीण आहे. कारण ती समीक्षकही होती. १९७७ मध्ये नाकाजिमा आझुसा या नावाने लिहिलेल्या समीक्षालेखाला ‘गुन्झो’ या प्रतिष्ठित मासिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी कुरिमोतो या नावाने लिहिलेल्या रहस्यकादंबरीला एदोगावा राम्पो पुरस्कार लाभला. एका नावाने कथा आणि दुसऱ्या नावाने समीक्षा ही विभागणी तिने २००९ मधील मृत्यूपर्यंत पाळली. १९७८ मध्ये निघालेल्या आणि पुढे ‘जून’ म्हणून ओळखल्या गेलेल्या नियतकालिकात ती आरंभापासून लिहीत होती. त्याच्याच कथा-आवृत्तीत १९८४ पासून तिने ‘शोसेत्सु दोजो’ म्हणजे ‘कादंबरीचा आखाडा’ चालविला. वाचिका कथा पाठवीत. ती त्या उलगडून तपाशी आणि ज्युदोप्रमाणे श्रेणी देई. समीक्षक नाकाजिमाचे हे काम मला तिच्या कित्येक कादंबऱ्यांहून मोलाचे वाटते. स्वतःला हौशी म्हणविणाऱ्या लेखिकांना निवेदनदृष्टी, प्रसंगरचना, संवाद यांविषयी गंभीरपणे कोणीतरी बोलत होते. ‘याओई’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘ना उत्कर्षबिंदू, ना शेवट, ना अर्थ’ असा स्वतःची थट्टा करणारा आहे, हे येथे आठवावे.

पुढच्या दोन दशकांतील कृतींचा परामर्श थोडक्यात घेणे पुरे. ओझाकी मिनामी हिच्या ‘झेत्सुआइ १९८९’ मधील नान्जो हा रॉक गायक कुरिमोतोच्या र्‍योचा वारस असला, तरी त्याची व्यथा बाजारातून येत नाही. ती त्याच्या स्वतःच्या हट्टातून येते. मुराकामी माकी हिच्या ‘ग्रॅव्हिटेशन’मध्ये (१९९६–२००२) हे सारे प्रहसनात उतरते. तरुण गायक शुइची याने लिहिलेल्या गीताचा कागद वाऱ्याने उडतो, तो युकी या अनोळखी पुरुषाच्या हाती पडतो, आणि तो वाचून ‘तुझ्यात प्रतिभा शून्य’ अशा अर्थाचा शेरा मारतो. युकीचा व्यवसाय? प्रेमकादंबऱ्या लिहिणे. म्हणजे गायकाला घडविणाऱ्या व्यवस्थापकाच्या जागी त्याच्या शब्दांची समीक्षा करणारा लेखक येतो. आखाड्यातील गुरूची ही छाया हेतुतः घातली असेल असे मी म्हणणार नाही. परंतु वाङ्मयप्रकार प्रौढ झाल्याची खूण म्हणून ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या प्रौढत्वाला आव्हान मिळाले ते १९९२ मध्ये. ‘श्वाझिर’ या लहान स्त्रीवादी पत्रिकेत सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याने एक संतप्त पत्र लिहिले. या कथांतील पुरुषांशी आपल्यासारख्यांचा काहीही संबंध नाही, आमचे जगणे तुम्ही सौंदर्याच्या करमणुकीसाठी वापरता, असा त्याचा आशय होता. पुढे काही वर्षे चाललेल्या या वादात ‘ही केवळ कल्पना आहे’ हे उत्तर वारंवार दिले गेले. मराठी समीक्षेतील स्वायत्ततावादी भूमिकेशी परिचित असलेल्या वाचकाला ते ओळखीचे वाटेल. माझ्या मते ते अपुरे होते. ज्या लेखनाने आपले स्थळ प्रत्यक्षातील व्यवसायातून घेतले, त्याला त्या व्यवसायातील माणसांपासून स्वायत्त राहण्याचा हक्क सांगता येत नाही.

हा मुद्दा अनपेक्षित दिशेने पुन्हा समोर आला. तरुण गायकांचे वाद्यवृंद घडविणाऱ्या जॉनी कितागावा याच्यावरील लैंगिक अत्याचारांच्या आरोपांविषयी १९९९ मध्ये ‘शुकान बुन्शुन’ने लेखमाला चालविली. २००३ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने तिचा महत्त्वाचा भाग ग्राह्य धरला, तरीही वर्तमानपत्रे आणि वाहिन्या जवळजवळ गप्प राहिल्या. कितागावा २०१९ मध्ये मरण पावला. मार्च २०२३ मध्ये बी. बी. सी.चा माहितीपट आला आणि सप्टेंबरमध्ये संस्थेने अत्याचार झाल्याचे मान्य केले. ‘मायोनाका नो तेन्शी’ या संस्थेविषयी नाही, आणि तिला भाकीत म्हणून मिरविणे अप्रस्तुत ठरेल. पण ती आज पुन्हा वाचताना ताकीचे प्रेम आणि ताकीची सत्ता वेगळी काढण्याची सवलत वाचकाला उरत नाही. १९७९ मधील वाचिकेला जे गूढ वाटले असावे, ते आता व्यवहारासारखे दिसते. कादंबरी त्यामुळे लहान होत नाही. उलट तिच्यातील कटु जाणीव पहिल्यांदाच नीट ऐकू येते, आणि तिच्यातील भुलवणारी भाषाही पहिल्यांदाच खटकते.

किझु नात्सुकी हिच्या ‘गिव्हन’मध्ये (२०१३–२०२३) व्यवस्थापक जवळजवळ नाहीच. माफुयू हा शाळकरी मुलगा मृत प्रियकराची गिटार घेऊन हिंडतो. तिची तुटलेली तार बदलून देणारा दुसरा मुलगा त्याला वाजवायला शिकवतो, आणि कथेतील पहिले गाणे शोकातून, विक्रीच्या आधी, जन्मते. २०१९ मध्ये हिची ॲनिमे मालिका ‘नोइतामिना’ या मध्यरात्रीच्या प्रतिष्ठित प्रसारणगटात आली. बाजार अर्थातच पुढे येतो. कराराविषयी बोलणे होते, आणि माफुयू त्यावर लगेच होकार देत नाही.