बिदरीचा काळा रंग

बहामनी राजधानी बीदर येथे बहरलेली बिदरीची कला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातही पोहोचली. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतावयाचे, त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवावयाची आणि अखेर नवसागर व बीदरच्या किल्ल्यातील माती यांचा लेप द्यावयाचा. भांडे काळेभोर होते. चांदी मात्र लखलखतच राहते! ही किमया नव्हे. नवसागरामुळे पृष्ठभागावरील जस्त निघून जाते व उरलेल्या तांब्याचा काळा थर बनतो. नवसागरातील अमोनियाचा नत्र धातूस बिलगतो कसा, हे कोडे झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ साली उकलले. धातूच्या अणूभोवती असे रेणू ठराविक संख्येने, ठराविक दिशांस बसतात. १९१३ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. बिदरीचा कारागीर किल्ल्यातील माती आजही जिभेवर ठेवूनच पारखतो.