वरोऱ्याचे आनंदवन : एका घराण्याच्या तीन पिढ्यांची लोकसेवा

नागपूरहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण शंभर किलोमीटरवर वरोरा लागते. या गावालगतच्या माळरानावर १९५१ मध्ये मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांनी कुष्ठरुग्णांसह आनंदवन वसवले. आनंदवनाची ओळख प्रामुख्याने कुष्ठसेवेचे केंद्र अशी आहे. पण नगरपालिकेच्या कामातून सुरू झालेली सेवा एका कुटुंबाच्या संसारात कशी मिसळली आणि नातवंडांपर्यंत कशी पोचली, याचाही तो इतिहास आहे.

वरोरा आणि आमटे घराणे

इंग्रजी अमलात वरोऱ्याला कापसाचा बाजार होता आणि कोळशाची खाण होती. खाणीमुळे वर्ध्याहून रेल्वे इथवर आली. १९०६ मध्ये खाण बंद पडली, पण स्टेशन आणि बाजार राहिले. आसपासच्या खेड्यांची वर्दळ, वकिलांची बिऱ्हाडे, नगरपालिका, आणि तिच्या नोकरीत डोक्यावरून मैला वाहणारे सफाई कामगार, असा या गावाचा पसारा होता.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वडील सरकारी अधिकारी होते आणि वरोऱ्याजवळ गोरजे येथे घरची मोठी शेती होती. ‘बाबा’ हे त्यांचे घरातले लहानपणापासूनचे नाव. शिक्षण नागपुरात झाले. १९३६ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते वकिली करू लागले. शिकारीची बंदूक, मोटार आणि इंग्रजी चित्रपटांचे वेड असे त्यांचे तरुणपण होते. १९४२ च्या आंदोलनात चिमूर-आष्टीच्या उठावाच्या प्रकरणात पकडलेल्यांच्या बचावासाठी त्यांनी वकिलांना एकत्र केले आणि त्यासाठी तुरुंगवासही भोगला. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमाशी आलेल्या संबंधामुळे त्यांच्या राहणीची दिशा बदलली.

नगरपालिका आणि मैल्याची टोपली

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांच्या मागण्या बाबांपुढे आल्या. या कामाचे कष्ट स्वतः केल्याशिवाय त्यावर बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांना वाटले. वकिली करणारा, जमीनदाराचा हा मुलगा कित्येक महिने पहाटे उठून शौचकूप साफ करीत आणि मैल्याची टोपली डोक्यावरून वाहून नेत होता. सवर्ण समाजाला हे मानवणारे नव्हते. पण छोट्या गावात लोकप्रतिनिधीने काय करायचे असते, याचा त्यांनी घालून दिलेला हा पाठ होता.

याच कामात असताना एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला. बोटे झडलेली, जखमांत अळ्या पडलेल्या. बाबा भीतीने घरी पळाले. या भीतीची त्यांना लाज वाटली. ते परत आले, त्या माणसावर पावसापासून आडोसा केला, त्याला खाऊ घातले आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. निर्भय म्हणवणाऱ्या स्वतःला एवढे भय वाटावे, हा सल त्यांना स्वस्थ बसू देईना. पुढचे सारे काम या सलातून उभे राहिले.

संसाराची सुरुवात

१८ डिसेंबर १९४६ रोजी बाबांचा विवाह नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू यांच्याशी झाला. हे शास्त्रीपंडितांचे, सोवळ्याओवळ्याचे घर होते. एका लग्नघरी सारे समारंभात दंग असताना ही मुलगी धुणे धुणाऱ्या म्हाताऱ्या मोलकरणीला मदत करीत होती, हे बाबांनी पाहिले आणि तिला मागणी घातली. विवाहानंतर इंदूच्या साधना झाल्या. वरोऱ्यात या दोघांनी वेगवेगळ्या जातींच्या श्रमिकांबरोबर एकत्र राहण्याचा, एका चुलीवर जेवण्याचा ‘श्रमाश्रम’ सुरू केला. १९४७ आणि १९४८ मध्ये विकास आणि प्रकाश यांचा जन्म झाला. सोवळ्यात वाढलेल्या साधनाताईंना या राहणीसाठी काय काय मागे टाकावे लागले, याचे प्रांजळ वर्णन त्यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनात आहे.

बाबा कुष्ठसेवेकडे वळले त्याआधीच विदर्भात तिची वाट पडली होती. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले होते. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्री या कुष्ठपीडित विद्वानाच्या जखमा स्वतः धूत असत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले होते. दुसरीकडे १८९८ चा कायदा निराधार कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देत होता. बाबांनी दत्तपूरला काम शिकून घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले. तेथे प्रयोगासाठी त्यांनी कुष्ठाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले, पण त्यांना रोग झाला नाही. याच सुमारास सल्फोन वर्गातील औषधांमुळे हा रोग प्रथमच आटोक्यात येऊ लागला होता.

माळरानावरची वस्ती

तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या सरकारने वरोऱ्याजवळची पन्नास एकर खडकाळ जमीन दिली. सहा कुष्ठरुग्ण, आमटे पती-पत्नी, दोन लहान मुले, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. जागेवर झुडपे, साप आणि विंचू यांचा सुळसुळाट होता. पाणी नव्हते. पहिले काम विहिरीचे. बधिर, झडलेल्या बोटांत कुदळ नीट धरता येत नसताना या माणसांनी त्याच हातांनी खडक फोडत विहीर खणली, आणि कित्येक आठवड्यांनी पाणी लागले. १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

भाजीपाला पिकू लागला, पण वरोऱ्यातील लोक तो विकत घेईनात. कुष्ठरुग्णांच्या हातचे अन्न आपल्याला बाधेल, असे त्यांना वाटे. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण आनंदवनात राहून इमारती बांधू लागले. परक्या देशांतील ही माणसे रुग्णांबरोबर राबतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. तेव्हा कुठे गावकऱ्यांचे पाय आनंदवनाकडे वळू लागले आणि भाजीला गिऱ्हाईक मिळाले.

भिक्षेने माणूस खचतो आणि कामाने तो उभा राहतो, हे बाबांचे सूत्र होते. त्यानुसार शेती, दुग्धव्यवसाय, हातमाग, छपाई, पत्र्याच्या वस्तू असे उद्योग निघाले. या उद्योगांतून बरे झालेले रुग्ण कारागीर झाले, पर्यवेक्षक झाले, वस्तीचे कारभारी झाले. ज्यांना घरच्यांनी टाकले होते, त्यांची लग्ने आनंदवनात लागली. या लग्नांना नसबंदीची अट होती, आणि मूलबाळ नसलेल्या या जोडप्यांना वस्तीतली अनाथ मुले व वृद्ध हेच नातेवाईक झाले.

१९६० च्या दशकात आनंदवनाने महाविद्यालय, कृषी महाविद्यालय आणि अंध मुलांची शाळा काढली. ज्या गावाने भाजी नाकारली, त्याच गावची मुले आता शिकायला कुष्ठरुग्णांच्या वस्तीत येऊ लागली. आनंदवनाच्या साऱ्या वाटचालीतील सर्वांत मोठा सामाजिक बदल हाच म्हणावा लागेल. नागपूरजवळ अशोकवन आणि मूल तालुक्यात सोमनाथ (१९६७) हे प्रकल्पही उभे राहिले. सोमनाथच्या उन्हाळी श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातील कितीतरी तरुणांना समाजकार्याकडे वळवले. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकांच्या लोभामुळे आनंदवनाचे नाव मराठी घराघरांत पोचले.

दुसरी आणि तिसरी पिढी

विकास आणि प्रकाश कुष्ठरुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढले. दोघेही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. विकास यांनी पत्नी डॉ. भारती यांच्यासह आनंदवनाचा व्याप सांभाळला. डिसेंबर १९७३ मध्ये बाबांनी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश यांनी शल्यचिकित्सेचे पुढील शिक्षण सोडले आणि ते पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह तेथे राहायला गेले. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात जगाशी संपर्क नाही, अशा ठिकाणी दवाखाना आणि निवासी शाळा उभी राहिली. बाबांना १९८५ मध्ये मिळालेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार २००८ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी यांनाही मिळाला.

मणक्यांच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच शक्य होते. तशाही अवस्थेत त्यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ अभियान केले. १९९० मध्ये नर्मदेच्या धरणग्रस्तांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी ते साधनाताईंसह नदीकाठी कसरावदला मुक्कामाला गेले आणि अनेक वर्षे तेथेच राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन न करता आनंदवनातच दफन करण्यात आले. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या.

आजोबांचे काम नातवंडांनीही पुढे चालवले. हेमलकसा येथे डॉ. दिगंत यांनी दवाखान्याची आणि अनिकेत यांनी शाळा व व्यवस्थापनाची जबाबदारी घेतली. तिन्ही पिढ्यांत घरात आलेल्या सुनाही स्वतः या कामात उतरल्या. साधनाताईंपासून सुरू झालेल्या या परंपरेशिवाय हे काम एका माणसाच्या हयातीपुरतेच उरले असते.

१९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला आणि आनंदवनात येणाऱ्या नव्या रुग्णांचा ओघ घटला. वस्तीने मग अंध, मूकबधिर, अपंग आणि निराधार वृद्ध यांच्याकडे अधिक लक्ष वळवले. तरीही विदर्भात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही आढळतात. त्वचेवर संवेदना नसलेला फिकट चट्टा दिसल्यास तो वेळेत दाखवावा. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते, आणि वेळीच उपचार झाले तर बोटेही वाचतात आणि घरही सुटत नाही.