मैदानाबाहेर जाणे व परत येणे (बास्केटबॉल)

बास्केटबॉलच्या सामन्यात खेळाडूला ‘बाहेर’ केव्हा धरायचे, परत आल्यावर त्याने चेंडूला हात लावावा की नाही आणि बदलून बसवलेला खेळाडू पुन्हा केव्हा उतरू शकतो, हे ठरवणारे नियम. भारतात आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची (फिबा) नियमावली पाळतात. पुढील विवेचन तिला धरून आहे.

डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) असो की मराठवाड्यातले दुसरे कुठले गाव, कबड्डी-खोखो पाहून ज्याची नजर तयार झाली त्याला हे नियम सुरुवातीला उलटे वाटतात. कबड्डीत रेषेबाहेर पाय टेकला की खेळाडू बाद. तो बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की, बाद झाल्याच्या क्रमाने, आत येतो. बास्केटबॉलमध्ये रेषेबाहेर पाऊल पडले म्हणून कोणी बाद होत नाही. तिथे बाहेर जातो तो चेंडू. बाहेर असलेल्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला तरच शिटी वाजते आणि चेंडू समोरच्या संघाकडे जातो. एवढे एक ध्यानात धरले की बहुतेक वाद मिटतात.

मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि हे माप सीमारेषेच्या आतल्या कडेपासून घेतात. पाच सेंटिमीटर जाडीची ती रेषा म्हणूनच मैदानात धरली जात नाही; रेषेवर पाय म्हणजे बाहेर. मातीच्या मैदानावर फक्की मारून आखलेली रेषा मध्यंतरापर्यंत पायांनी पसरते, चांगली वीतभर होते, आणि मग पंचाला अंदाजावर निर्णय द्यावा लागतो. दोन सत्रांच्या मधल्या वेळेत दोरी धरून आतली कड पुन्हा आखून घेणे हे पंचाचे व आयोजकांचे कर्तव्यच समजले पाहिजे. मुलांच्या मेहनतीचा निकाल पसरलेल्या चुन्यावर लागू नये.

हवेतल्या खेळाडूचे स्थान त्याने शेवटी जमिनीला जिथे स्पर्श केला तेच मानतात. त्यामुळे आतून झेप घेऊन, रेषेपलीकडे हवेत असतानाच चेंडू आत फेकणारा खेळाडू निर्दोष ठरतो, मग तो प्रेक्षकांत जाऊन पडला तरी. या खेळातली ही सर्वांत देखणी धडपड, आणि तिच्यावर चुकीची शिटी वाजणे हा खेळाडूवर खरा अन्याय आहे. याउलट, बाहेरून उडी मारणारा आत पाय टेकेपर्यंत बाहेरच. रेषेवर उभ्या असलेल्या दुसऱ्या खेळाडूला नुसते अंग लागल्याने मात्र कोणी बाहेर जात नाही. स्पर्श जमिनीचा किंवा खेळाडूखेरीज इतर वस्तूचा असावा लागतो. चेंडूचे तसे नाही. तो राखीव बाकावर बसलेल्याच्या गुडघ्याला लागला तरी बाहेर गेलाच.

परत येऊन पहिला हात चेंडूला लावता येतो का? फिबाच्या नियमांत त्याला मनाई नाही. दोन्ही पाय बाहेरून सुटले आणि एक आत टेकला की पुरे. अमेरिकेतील महाविद्यालयीन नियम वेगळे आहेत. तिथे आपणहून बाहेर गेलेल्याने परतल्यावर सर्वांआधी चेंडूला हात लावणे हा नियमभंग आहे. धक्क्याने किंवा वेगात बाहेर गेलेल्याला सूट मिळते. दूरचित्रवाणीवर तिकडचे सामने पाहून हीच अट आपल्याकडे लावायची चूक सर्रास होते.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा बाहेर गेलेल्या चेंडूला जो आधी हात लावील त्यालाच तो आत फेकण्याचा हक्क होता. साहजिकच खेळाडू चेंडूमागे मैदानाबाहेर धावत, एकमेकांना ढकलत, सज्ज्यापर्यंत पोचत. पुढे ज्या संघाचा शेवटचा स्पर्श, त्याच्या विरुद्ध संघाला चेंडू, असे ठरले आणि ही पळापळ थांबली. चेंडू आत टाकायला पाच सेकंदांची मुदत मात्र पहिल्या तेरा नियमांतली, ती आजही टिकून आहे. चेंडू टाकणाऱ्याने तो हातात घेऊन आत येऊ नये, आणि टाकल्यावर दुसऱ्या कोणाचा स्पर्श होण्याआधी आत येऊन स्वतःच पकडू नये.

बदली खेळाडूंच्या संख्येवर बंधन नाही. तोच खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो. अट एवढीच की बदलल्यानंतर घड्याळ काही काळ चालून चेंडू पुन्हा मृत झाला पाहिजे. संघात पाचापेक्षा कमी खेळाडू उरले तर ही अट शिथिल होते. रक्त येत असेल तर खेळाडूला बदलावेच लागते. रक्त थांबून जखम पूर्ण झाकल्यावर तो परत येतो. पाच फाऊल झालेल्याला त्या सामन्यात पुन्हा प्रवेश नाही आणि त्याच्या जागी ३० सेकंदांत दुसरा उतरवावा लागतो.