आपल्याच गाड्या भाड्याने

लोखंडी आसाच्या दोन बैलगाड्या, त्यांचे सारे सामान आणि चार बैल. एका कर्जदार शेतकऱ्याने हे सगळे कर्जापोटी सावकाराला विकले आणि लगेच एक भाडेचिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीने त्याच गाड्या आणि तेच बैल त्याच सावकाराकडून महिना चार रुपये भाड्याने घेतले. १८७५मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या समितीच्या अहवालाबरोबर छापलेल्या कागदांत ही चिठ्ठी आहे. आपल्यापर्यंत ती इंग्रजी अनुवादातून येते.

चिठ्ठीतली सर्वांत महत्त्वाची अट भाड्याच्या रकमेची नाही. दर महिन्याला भाडे दिल्यावर सावकाराच्या हस्ताक्षरातली पावती घेईन, आणि पावती नसेल तर भाडे दिले होते असे म्हणणार नाही, असे शेतकरी त्यात लिहून देतो. म्हणजे पैसे पोचल्याचा एकमेव पुरावा ज्याला पैसे मिळायचे त्याच्याच लेखणीतून यायचा होता. गाड्या, बैल, भाडे आणि अट एवढे या कागदावरून निश्चित होते. बैल शेतकऱ्याच्या गोठ्यातून सावकाराकडे एकदाही गेले नसावेत, असे मला वाटते; पण हा तर्क आहे, दस्त तसे सांगत नाही.

आता हा करार त्या काळच्या कायद्यावर घासून पाहू. भारतीय करार कायदा आणि पुरावा कायदा हे दोन्ही १ सप्टेंबर १८७२ रोजी, एकाच दिवशी अमलात आले. करार कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे करार बंधनकारक व्हायला पक्ष सक्षम हवेत, त्यांची संमती मुक्त हवी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा. पुरावा कायद्याचे ९२वे कलम म्हणे, की अटी एकदा लेखी झाल्या की त्यांच्या विरुद्ध तोंडी पुरावा ऐकला जाणार नाही. फसवणूक, धाकदपटशा किंवा मोबदलाच मिळाला नाही, अशी बाब मात्र सिद्ध करता येई. थोडक्यात, शेतकऱ्यासाठी दार कागदोपत्री उघडे होते. त्यातून आत यायला मात्र कोर्टात उभे राहावे लागे, आणि समितीने तपासलेल्या व्यवहारांत हुकूमनामे मोठ्या प्रमाणावर एकतर्फी झालेले दिसतात. जो हजरच नाही, त्याची संमती मुक्त होती का, हे मुनसफ कोणाला विचारणार?

त्याआधीचा एक कायदाही इथे पाहायला हवा. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीनच वर्षे दिली. व्याज साचत राहू नये हा त्यामागचा हेतू. सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. जुनी मुद्दल अधिक थकलेले व्याज ही नव्या रोख्याची मुद्दल, आणि तिच्यावर पुन्हा व्याज. हिंदू ऋणकोला दामदुपटीच्या नियमाचा आधार होता: एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. पण व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर हा नियम मोजणार कशावर? शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण समितीने नोंदवले आहे. दामदुपटीचा नियम कोणी मोडला नव्हता, फक्त हिशेब दर तीन वर्षांनी पुसला जात होता. कुणब्याला वाचता येत नसे. दस्ताखाली तो नांगराची निशाणी करी.

पुढचे प्रकरण शिरूर तालुक्यातले, म्हणजे रांजणगाव गणपती ज्या तालुक्यात आहे त्यातलेच. गाव करडे, महिना डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या बजावणीत त्यांचे घर पाडायला सुरुवात केली. देशमुख गावातले वजनदार गृहस्थ होते. यांचे घर पडते, तर आपले काय, असा विचार गावाने केला असेल हे उघड आहे. मात्र तो आपल्याला नंतर झालेल्या चौकशीच्या चाळणीतून कळतो, हे विसरून चालणार नाही. निश्चित आहे ती कृती: करड्याने सावकारांवर बहिष्कार घातला आणि तो आजूबाजूच्या गावांत पसरला.

या बहिष्काराचा एक लेखी पुरावाही उरला आहे, आणि मला तो भाडेचिठ्ठीइतकाच मोलाचा वाटतो. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या गावकऱ्यांनी समापत्र (सामूहिक लेखी ठराव) केले. जो गुजर सावकाराचे शेत करील त्याला न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार या बलुतेदारांची सेवा मिळणार नाही आणि जातीच्या पंगतीला बोलावणे येणार नाही, असा त्याचा आशय. हाही करारच आहे. दिवाणी कोर्टाने त्याची बजावणी केली असती असे मला वाटत नाही, आणि गावाने तशी अपेक्षाही ठेवलेली नाही. मोडणाऱ्याला काय भोगावे लागेल, ते कागदातच लिहिले होते. सावकाराच्या रोख्यामागे सरकारचा बेलीफ होता, समापत्रामागे बलुतेदार.

१२ मे १८७५. सुपे, तेव्हाचा भीमथडी तालुका, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेल्या जमावाने सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. तिथून लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गेले. शारीरिक इजा क्वचितच झाल्याचे समिती सांगते. जमावाला जाळण्यासाठी हवे होते रोखे, हुकूमनामे आणि वह्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे सहसा पुढे काही झाले नाही. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा. सरकारचा शेतसारा दंग्यांना कारणीभूत होता का, हे तपासणे समितीचे काम होते, आणि दोष तिने सावकारावर ठेवला. सरकारने नेमलेल्या समितीचा सरकारच्या बाजूचा हा निष्कर्ष मी तसाच स्वीकारणार नाही. पण तिने छापलेले दस्त तिच्या मताहून वेगळे उभे राहतात, आणि त्यांची साक्ष मी मानतो.

अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला तो पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. भाडेचिठ्ठीवरचे उत्तर जणू त्यात कलमवार सापडते. शेतकऱ्यावर दावा आला, की कोर्टाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासायचा. मुद्दल आणि व्याजाचा हिशेब वेगळा मांडायचा. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायचे, पावती मागण्याचा त्याला हक्क, आणि कर्जासाठी त्याला कैद नाही. या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून १८८७पासून महादेव गोविंद रानडे यांनी काम पाहिले.

हा कायदा आता इतिहासजमा आहे. करार कायदा मात्र चालू आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतला आजचा करारही त्याच कायद्याने तोलला जातो. त्याचे सोळावे कलम अनुचित प्रभावाचे. १८९९मध्ये ते नव्याने लिहिले गेले, आणि त्यातल्या तिसऱ्या उदाहरणात गावचा सावकार आणि त्याचा कर्जदार आहेत. आधीच ऋणात असलेल्याने त्याच सावकाराकडून अवाजवी वाटणाऱ्या अटींवर पुन्हा कर्ज घेतले, तर संमती दबावाने मिळवलेली नव्हती हे सावकाराने सिद्ध करायचे. १८७५च्या आठवणीतून हे उदाहरण आले असे म्हणायला माझ्याकडे थेट आधार नाही. शक्यता मात्र मला दाट वाटते.

जळालेल्या रोख्यांची जागा समितीने निवडून छापलेले कागद पूर्ण भरून काढू शकत नाहीत. शिरूर, दौंड, इंदापूर भागात कुणाच्या घरी माळ्यावर मोडीतले जुने रोखे, पावत्या, चिठ्ठ्या असतील, तर ते रद्दीत टाकू नयेत. निदान त्यांची छायाचित्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवावीत.