ईश्वराचे अनुमान

भारतीय दर्शनांची आस्तिक व नास्तिक ही जुनी विभागणी ईश्वर मानण्यावर नसून वेदांचे प्रामाण्य मानण्यावर आधारलेली आहे, आणि म्हणूनच वेदांचा कट्टर कैवारी असलेला मीमांसक कुमारिल भट्ट ‘श्लोकवार्तिका’त जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन करूनही आस्तिकच गणला जातो. वैदिकांमध्येच असा मतभेद असल्यामुळे ईश्वराचे अस्तित्व वादसभेत नुसते गृहीत धरून चालत नसे. ते सिद्ध करावे लागे, आणि ही जबाबदारी मुख्यतः न्यायदर्शनाने, म्हणजे ज्ञानाची साधने आणि तर्काचे नियम यांचा विचार करणाऱ्या संप्रदायाने, आपल्या शिरावर घेतली.

प्रारंभी खुद्द न्यायातही ईश्वराला फारसे स्थान नव्हते. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचा विचार चौथ्या अध्यायातील जेमतेम तीन सूत्रांत येतो, तोही मनुष्याचे कर्म आणि त्याचे फळ यांचा संबंध सांगण्याच्या ओघात, आणि त्या सूत्रांचा रोख नेमका कोणता याविषयी टीकाकारांतही एकमत नाही. पुढे उद्योतकराने, सुताराचा वाकस जसा सुताराशिवाय चालत नाही तशी अचेतन द्रव्येही चेतन अधिष्ठात्यावाचून प्रवृत्त होत नाहीत, असा युक्तिवाद मांडला, आणि हळूहळू त्याला अनुमानाचे रेखीव रूप आले. घट हे कार्य आहे, म्हणजे तो आधी नव्हता व नंतर उत्पन्न झाला, आणि त्याला कुंभार हा कर्ता आहे; पृथ्वी, अंकुर इत्यादी पदार्थही कार्येच आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. कर्ता म्हणजे ज्याला उपादानाचे, अर्थात ज्यातून वस्तू घडते त्या द्रव्याचे, प्रत्यक्ष ज्ञान आहे आणि जो इच्छा व प्रयत्न करतो तो. पृथ्वीच्या मुळाशी असलेल्या परमाणूंचे असे ज्ञान मनुष्याला असणे शक्य नसल्यामुळे तो कर्ता ईश्वरच ठरतो.

या अनुमानाचा सारा भार व्याप्तीवर, म्हणजे ‘जे जे कार्य ते ते कर्त्याने केलेले’ या नियमावर आहे, आणि सातव्या शतकाच्या सुमारास बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने नेमके तेच मर्मस्थान हेरले. त्याच्या मते ज्या प्रकारची रचना कर्त्याच्या हातून होताना पूर्वी पाहिलेली असते, त्याच प्रकारच्या रचनेवरून न पाहिलेल्या कर्त्याचे अनुमान करता येते. वाडा पाहून बांधणारा आठवतो तो यामुळे. डोंगराच्या बाबतीत ‘रचना’ हा शब्द तेवढा समान असतो, वस्तुस्थिती नव्हे. केवळ मातीचा विकार एवढ्या साम्यावर विसंबले, तर वारूळही कुंभाराने घडवले असे म्हणावे लागेल. हा आक्षेप नैयायिकांना शेवटपर्यंत सतावत राहिला, आणि त्यांच्या तर्काला पुढे जी धार आली तिचे श्रेय बऱ्याच अंशी याच प्रतिपक्षाला द्यावे लागते.

दहाव्या-अकराव्या शतकांत हा वाद आजच्या बिहारात ऐन रंगात आला. गंगेच्या दक्षिणेस विक्रमशिला विहारात ज्ञानश्रीमित्र आणि त्याचा शिष्य रत्नकीर्ती ईश्वरानुमानाचे दोष दाखवत होते, तर उत्तरेस मिथिलेत उदयनाचार्य त्याचे समर्थन करत होते. शके 906, म्हणजे इ.स. 984, हा ‘लक्षणावली’त आलेला काळ प्रमाण मानून उदयनाचा काळ ठरवला जातो. त्याच्या ‘न्यायकुसुमांजली’चे पाच स्तबक, म्हणजे फुलांचे गुच्छ, असून पाचव्यात कार्य, आयोजन (परमाणूंना संयोगासाठी मिळणारी गती), धृती (विश्व कोसळू न देता धरून ठेवणे) अशा अनेक हेतूंनी ईश्वर सिद्ध केला आहे. प्रारंभीच तो म्हणतो की उपनिषदांचे अनुयायी, सांख्य, एवढेच नव्हे तर विश्वकर्म्याला भजणारे कारागीरही कोणत्या ना कोणत्या रूपात त्यालाच मानतात, तेव्हा संशयाला जागा कुठे. तरीही चर्चा करायची ती संशय फेडण्यासाठी नव्हे, तर श्रवणानंतर येणारे मनन म्हणून, उपासना म्हणून. ग्रंथाच्या अखेरीस तर तो ईश्वरालाच विनवतो की खंडन करता करता का होईना, हे विरोधक तुझेच चिंतन करत आहेत, तेव्हा कालांतराने त्यांच्यावरही कृपा कर. बुद्धी आणि भक्ती यांना परस्परविरोधी मानण्याची आधुनिक सवय या ग्रंथाला लावू नये हेच बरे.

गंमत अशी की ईश्वरभक्तीचे प्रमुख आचार्य रामानुज यांना ही मदत नको होती. श्रीभाष्यात त्यांनी ईश्वर केवळ शास्त्रानेच कळतो असे प्रतिपादन करताना नैयायिकांचे अनुमान मोडून काढले: जगातील सर्व कार्ये एकाच वेळी आणि एकाच कर्त्याने निर्माण केली हे कशावरून, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कर्त्यांनी ती का केली नसतील? बौद्धाला शोभेल असा हा प्रश्न एका वैष्णव आचार्याने विचारला. मिथिलेत मात्र गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त ईश्वरानुमानाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि नव्यन्यायाच्या परिभाषेत ते पुन्हा तासून घेतले, तोवर समोरचा बौद्ध प्रतिपक्ष उरला नव्हता.

विक्रमशिलेच्या विनाशानंतर तेथील बाजू कित्येक शतके प्रामुख्याने नैयायिकांनी खोडून काढण्यासाठी केलेल्या उल्लेखांतूनच भारतात माहीत राहिली. राहुल सांकृत्यायनांना विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तिबेटमधील मठांत सापडलेल्या तालपत्रांमुळे मूळ ग्रंथ हाती आले, आणि 1957 साली पाटण्याहून रत्नकीर्तीचे निबंध छापले गेले. त्यांतील ‘ईश्वरसाधनदूषण’ आता ‘न्यायकुसुमांजली’शेजारी ठेवून वाचता येते.