हरिकेन : आकाशातून जमिनीकडे

मागच्या वेळी आपण 1940 च्या ब्रिटनच्या लढाईतलं हरिकेन पाहिलं. नाव गाजलं स्पिटफायरचं, पण शत्रूची जास्त विमानं पाडली ती हरिकेननी. आज आपण त्याच विमानाचं पुढचं आयुष्य पाहू.

1941 पर्यंत जर्मनांची नवी मेसरश्मिट 109 हरिकेनपेक्षा बरीच वेगवान झाली होती. मग या विमानाचं करायचं काय? त्याचे पंख जाड आणि मजबूत होते, वजन पेलणारे होते. म्हणून त्याला जमिनीवर मारा करायच्या कामाला लावलं गेलं. आधी पंखांखाली बॉम्ब आले, नंतर ‘टू-डी’ प्रकारात 40 मिलिमीटरच्या दोन विकर्स तोफा. प्रत्येक तोफेत फक्त 15 गोळे! नेम धरण्यासाठी दोन साध्या मशीनगन ठेवल्या होत्या. तोफा सुटल्या की धक्क्यानं विमानाचं नाक खाली जाई. वैमानिकानं ते सावरून पुन्हा नेम धरायचा.

जून 1942 मध्ये लिबियाच्या वाळवंटात 6 क्रमांकाच्या स्क्वॉड्रननं या तोफा रणगाड्यांवर वापरल्या. त्यांना ‘उडते कॅन-ओपनर’ म्हणू लागले. पण या कौतुकामागची किंमत आपण विसरता कामा नये. नेम लागायचा तर जमिनीलगत, सरळ रेषेत उडावं लागे. तोफांच्या वजनानं वेग घटलेला, पोटाखाली रेडिएटर उघडा. तिथे एक गोळी लागली तरी इंजिन तापून बंद पडणार. आणि एवढ्या कमी उंचीवरून पॅराशूटचा उपयोग नाही. 1943 मध्ये ट्युनिसियात विमानविरोधी तोफांनी या स्क्वॉड्रनचं मोठं नुकसान केलं. पुढच्या ‘मार्क फोर’ मध्ये इंजिन, रेडिएटर आणि वैमानिकाभोवती जादा चिलखत आलं, रॉकेटंही आली. ते चिलखत म्हणजे आधीच्यांनी जीव देऊन शिकवलेला धडा होता.

ब्रह्मदेशात मात्र हे ‘जुनं’ विमान शेवटपर्यंत उपयोगी पडलं. तिथे 20 क्रमांकाच्या स्क्वॉड्रननं याच तोफांनी नद्यांमधल्या होड्या फोडल्या आणि फेब्रुवारी 1945 मध्ये इरावतीच्या परिसरात जपानी रणगाडेही टिपले. आपल्या हवाई दलाची हरिकेनंही याच आघाडीवर होती. 1944 मध्ये इंफाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली 1 क्रमांकाच्या स्क्वॉड्रननं ती टेहळणीसाठी उडवली.

तेव्हा विमान ‘कालबाह्य’ झालं असं वाचलं, की आपण विचारावं : कोणत्या कामासाठी? आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : त्या नव्या कामाचा धोका कुणी पत्करला?